इंचभर तबकडी

आयुष्याची चौतीस वर्षे मी मुलांचे कान धरण्यात घालविली; परंतु स्वतःच्या कानांत डॉक्टरांची नळी घालून दुसऱ्याच्या छातीत काय चालले आहे हे ऐकण्याचा प्रसंग मजवर सदुसष्टाव्या वर्षापर्यंत आला नव्हता. तो गेल्या महिन्यात आला, आणि त्या निमित्ताने जी थोडीबहुत विद्या पदरात पडली ती वाचकांपुढे ठेवावी असे मनात आहे. मी मॅट्रिक झालेला, पुढे शास्त्रीबुवांपाशी व्याकरण आणि काव्य शिकलेला मनुष्य. वैद्यकाचा मला गंध नाही. तेव्हा या लेखात जे शास्त्र आहे ते माझ्या पुतणीचे आणि ज्या चुका आहेत त्या माझ्या, एवढे प्रारंभीच सांगून टाकतो.

ही पुतणी म्हणजे आमच्या वडील बंधूंची धाकटी कन्या. परिचारिकेची परीक्षा उत्तीर्ण होऊन तिची नेमणूक एका जिल्हा रुग्णालयात, नवजात शिशूंच्या विशेष कक्षात झाली. तिने शिक्षिका व्हावे अशी दादांची इच्छा होती. घरातील काही वडीलधाऱ्यांनी 'परक्यांची पोरे पुसण्याचा धंदा' म्हणून नाकेही मुरडली. त्या वादात मी तिची बाजू उघडपणे घेतली नाही. शाळामास्तरास सर्वांशी गोड राहण्याची सवय लागते, ती निवृत्तीनंतरही सुटत नाही. म्हणून नेमणुकीचे पत्र आले तेव्हा, काही अंशी प्रायश्चित्त म्हणून, तिला एक उत्तम स्टेथोस्कोप भेट द्यावा असे मी ठरविले. आणखीही एक कारण होते. ते पुढे येईल.

पुण्यास गेलो असता वैद्यकीय उपकरणांच्या एका दुकानी शिरलो. दुकानदाराने विचारले, ''कोणासाठी?'' मी म्हणालो, ''मुलगी परिचारिका झाली आहे. सर्वांत चांगला असेल तो दाखवा.'' त्याने मखमली अस्तराची एक पेटी उघडून आत निजलेला भारदस्त स्टेथोस्कोप दाखविला. पोलादी तबकडी, काळीभोर जाड नळी, उचलताच हाताला वजन जाणवावे असा. हृदयरोगाचे तज्ज्ञ हाच वापरतात, असे तो म्हणाला. दर ऐकून मी चष्मा काढून पुसला. परंतु जावयासाठी घड्याळ घेताना आपण जो विचार करतो, तोच मीही केला: भारी ते चांगले. पैसे मोजले आणि पेटी पिशवीत घालून एस.टी.त बसलो.

घरी पुतणीने पेटी उघडली, डोळ्यांत पाणी आणून मला वाकून नमस्कार केला, आणि मग ती घुटमळली. मुलाला उत्तर येत असते पण मास्तरांची चूक दाखवावी लागणार असते, तेव्हा त्याचा चेहरा जसा होतो तसा तिचा झाला.

''काका, हा फारच चांगला आहे. पण माझ्या बाळांना हा चालायचा नाही.''

आमच्या पुतण्याचे बावीस दिवसांचे बाळ त्या वेळी घरात होते. सूनबाईंचे माहेर दूर विदर्भात, म्हणून बाळंतपण आमच्याच येथे झाले. पुतणीने बाळाची कुंची सोडून, ती तबकडी तळहातात धरून ऊबवून, हलकेच त्याच्या छातीवर टेकविली. मी जवळ जाऊन पाहिले आणि मनात वरमलो. मोठ्या मनुष्याच्या छातीवर जी तबकडी नाण्यासारखी दिसते, ती त्या एवढ्याशा छातीवर ताटलीसारखी दिसत होती. एका बाजूची कड उरोस्थीवर चढलेली, दुसऱ्या बाजूला काखेकडे स्पष्ट फट. मी फूटपट्टी आणून मोजले: पावणेदोन इंच. नऊ महिने पूर्ण भरलेल्या बाळाच्या छातीचा घेर ३२ सेंटिमीटरांच्या आसपास असतो, डोक्याच्या घेराहून थोडा कमीच. आणि तिच्या कक्षात येणारी कित्येक बाळे तर दिवस भरण्याच्या आत जन्मलेली, किलो-दीड किलोची.

मग तिने मला कारण समजावून दिले. तबकडीवरचा ताणलेला पडदा कातडीला सर्व बाजूंनी टेकला पाहिजे. कोठे फट राहिली की आतला नाद बाहेर निसटतो आणि बाहेरचा गोंगाट आत शिरतो. शिवाय मोठी तबकडी एका वेळी हृदय, फुप्फुस आणि पोट यांचे आवाज गोळा करून आणते; त्यांतला कोणता कोठला, हे निवडता येत नाही. प्रौढांसाठी पावणेदोन इंच, जरा मोठ्या मुलांसाठी सव्वा इंच आणि नवजातांसाठी अवघी इंचभर, असे हे साधारण मान आहे. तिने माझ्या खिशातले दहा रुपयांचे नाणे काढून दाखविले. त्याचा व्यास २७ मिलिमीटर, जवळजवळ तेवढीच. तिने हेही प्रामाणिकपणे सांगितले की लहान तबकडी आवाजही थोडा कमीच गोळा करते, आणि बाळाची छाती इतकी लहान की डावीकडचा श्वास उजवीकडेही ऐकू येतो. तेव्हा इंचभर तबकडीनेही कधी कधी फसगत होते. परंतु मोठीने ती हमखास होते.

येथे थोडे विषयांतर करतो. ज्या यंत्राने ऐकावयाचे त्याचे नाव ग्रीक भाषेत 'छाती पाहणारा' असे आहे. 'स्टेथोस' म्हणजे छाती आणि 'स्कोपेइन' म्हणजे पाहणे. हे नाव ठेवणारा लाएनेक नावाचा फ्रेंच वैद्य. १८१६ साली पॅरिसच्या नेकर रुग्णालयात एक तरुण स्त्री हृदयविकाराने पीडित होऊन आली. त्या काळी वैद्य रोग्याच्या छातीला प्रत्यक्ष कान लावीत. स्त्री तरुण आणि स्थूल; तेव्हा कान लावणे संकोचाचे, आणि लावूनही फळ नाही. लाएनेकने कागदाची सुरळी करून तिचे एक टोक तिच्या छातीला आणि दुसरे आपल्या कानाला लावले, आणि नुसत्या कानाने ऐकू येत असे त्याहून स्पष्ट ऐकू आले. पुढे त्याने लाकडाची नळी करविली आणि १८१९ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. त्याच जागी आज पॅरिसचे नामांकित बालरुग्णालय आहे. संकोचातून निघालेली ही नळी बिचाऱ्या संकोचहीन बाळांच्या इतक्या उपयोगी पडावी, याची मला मोठी गंमत वाटली. असो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे पुण्यास गेलो. दुकानदार भला गृहस्थ. त्याने पेटी परत घेतली. आता निवड पुतणीने करावयाची आणि मी स्टुलावर बसून पाहावयाचे, असा क्रम ठरला. मंडईत भाजी निवडणाऱ्या अनुभवी गृहिणीची आठवण व्हावी, अशी तिची रीत होती.

तिने प्रथम तबकडीकडे पाहिलेच नाही, कानांकडे पाहिले. कानांत घालावयाची टोके मऊ हवीत, आणि ती घातल्यावर बाहेरचा रस्ता बंद झाला पाहिजे. कानाचे विवर सरळ आत जात नाही, किंचित पुढे, नाकाच्या दिशेने वळते. म्हणून नळीची टोकेही पुढच्या बाजूस रोखून घालावी लागतात. मी ती उलटी घातली होती आणि मला काहीच ऐकू येईना, तेव्हा दुकानातील पोरगा हसला. टोके योग्य मापाची नसतील तर हजारो रुपयांचा स्टेथोस्कोपही बहिरा. आणि हे माप ज्याच्या त्याच्या कानाचे. म्हणून ऐकणाऱ्याने स्वतः जाऊन घ्यावा, भेट म्हणून परस्पर आणू नये. हे तिने माझ्याकडे न पाहता सांगितले, पण मला ते लागलेच.

मग नळी. ती जाड हवी, फार लांब नको, आणि दोन नळ्या जवळजवळ लोंबत असतील तर त्या एकमेकींवर घासून खरखर करतात. नळी उघड्या मानेवर टाकण्याची डॉक्टरमंडळींची जी ऐट आहे, तिच्यामुळे घाम आणि तेल लागून नळी हळूहळू कडक होते, कॉलरवरून घालावी. मग तबकडीची कड: तिच्याभोवती रबरासारखे मऊ कडे असले पाहिजे. उघड्या धातूचा गार स्पर्श झाला की बाळ दचकते, दचकले की रडते, आणि रडले की ऐकणे संपले. मग वजन: धातूचे जड डोके अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या छातीवर ठेवणे म्हणजे आपल्या उरावर वरवंटा ठेवण्यासारखे. तबकडीच्या मागील बाजूस लहानशी घंटा असते, ती मंद्र स्वर ऐकण्यासाठी. ती अगदी अलगद टेकवावयाची. घट्ट दाबली तर खालची कातडीच ताणली जाऊन पडद्याचे काम करू लागते आणि मंद्र स्वर हरपतात. संगीत जाणणाऱ्या वाचकांस हे लगेच पटेल.

शेवटी तिने दुकानाचे दार लावून घ्यावयास सांगितले, तबकडीवर बोट अगदी हलके फिरविले आणि डोळे मिटून ऐकले. असे पाच-सहा पाहिल्यावर एक साधा, देशी बनावटीचा, इंचभर तबकडीचा स्टेथोस्कोप तिने बाजूला काढला. दुकानदाराने आवाज वाढवून देणारा विजेवरचाही एक दाखविला. ती म्हणाली, ''चांगला असतो. पण बाळाच्या आवाजाबरोबर आमच्या कक्षातल्या यंत्रांचा आवाजही वाढवील. शिकणाऱ्याने आधी आपला कान तयार करावा.'' हे वाक्य मी वर्गात निराळ्या शब्दांत किती वेळा उच्चारले असेन!

मी पाकीट काढले, तो ती हळूच म्हणाली, ''काका, राग येणार नसेल तर एक सांगू? मला स्वतःचा असा नकोच आहे.''

मला अर्थ कळेना. तेव्हा तिने सांगितले की त्यांच्या कक्षात एका बाळाची नळी दुसऱ्या बाळाला लावू नये असा दंडक आहे. प्रत्येक पाळण्याशी त्या त्या बाळाची स्वतंत्र नळी टांगलेली असावी लागते, कारण या बाळांचा खरा वैरी म्हणजे जंतुसंसर्ग, आणि तो डॉक्टर-परिचारिकांच्या हातांवरून व गळ्यातल्या नळीवरून एका पाळण्यातून दुसऱ्या पाळण्यात जातो. दर वेळी हात धुवावयाचे आणि तबकडी सत्तर टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने पुसावयाची. पाण्यात मात्र बुडवावयाची नाही. त्यांच्याकडील काही नळ्या जुन्या होऊन तडकल्या होत्या आणि नव्या येण्यास कागदपत्रांचा विलंब होता. माझ्या त्या मखमली पेटीच्या किमतीत इंचभर तबकडीचे सात देशी स्टेथोस्कोप आले. मुख्य परिचारिकेची संमती तिने आधीच विचारून ठेविली होती, हे मला मागाहून कळले. पोरगी आमच्या घराण्यातली खरी!

परतीच्या प्रवासात मी तिला विचारीत गेलो आणि ती सांगत गेली. बाळ जन्मताच रडले नाही तर परिचारिका सहा सेकंद हृदयाचे ठोके मोजते आणि दहाने गुणते. मिनिटास शंभराच्या खाली असतील तर श्वासाला साहाय्य द्यावयाचे; ते नीट देऊनही साठाच्या खालीच राहिले तर छाती दाबावयाची. तेवढ्या वेळात पुस्तक उघडावयास सवड नसते. पडद्यावर आकडे दाखविणारी यंत्रे कक्षात आहेत आणि ती अधिक अचूकही आहेत. पण ती लावून आकडा येईपर्यंत काही क्षण जातात, कधी तार निसटते, आणि ते क्षण नळीचे असतात. निरोगी बाळाचे हृदय मिनिटास १२० ते १६० वेळा धडधडते, निजले असता काही कमी. म्हणजे आपल्या दुप्पट. पहिल्यांदा ऐकणाऱ्याची मोजताना धांदल उडते. मात्र श्वास मोजावयाचा तो पूर्ण एक मिनिट, कारण नवजात बाळ पाचसात सेकंद थांबून पुन्हा भरभर घेते. पाव मिनिट मोजून चौपट केली तर हिशेब चुकतो. आणि श्वास मोजावयास नळी लागतच नाही. बाळाला स्पर्शही न करता पोट कसे वरखाली होते ते नुसते पाहावयाचे. साठ किंवा त्याहून अधिक भरले तर पुन्हा एकदा मोजावयाचे. पुन्हा तेवढेच आले तर वाट पाहावयाची नाही.

येथे मी गप्प झालो. जे दुसरे कारण मी आरंभी राखून ठेविले होते ते आता सांगतो.

१९८५ साली आम्हांस पहिली मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी बाळ-बाळंतीण घरी आली. चौथ्या रात्री सौभाग्यवती मला म्हणाली, ''अहो, हिची छाती फार भरभर हलते आहे.'' मी वार्षिक परीक्षेचे पेपर तपासीत होतो. मान वर न करता मी म्हणालो, ''लहान मुलांचा श्वास असाच असतो. नीज आता.'' पहाटे ती दूध घेईना. दवाखान्यात नेली. तेथे एक मोठी तबकडी तिच्या छातीवर ठेविली गेली. ती गार होती की काय कोण जाणे, पोर कळवळून रडली. ''छाती साफ आहे'' असे आम्हांस सांगण्यात आले. दुपारी तिचे ओठ निळसर झाले, शहराकडे निघालो, आणि वाटेतच सर्व आटोपले. ती तबकडी मात्र माझ्या डोळ्यांपुढून कधी गेली नाही. इतकी वर्षे मनातल्या मनात मी त्या तबकडीला दोष देत आलो. आणि चांगली नळी विकत घेण्याची ही जी मला एकाएकी हौस आली, तिचे मूळ तेथे होते.

घरी आल्यावर, माजघरात बसलो असता, मी पुतणीला विचारले, ''त्या दिवशी ती तबकडी इंचभर असती, तर?''

तिने उत्तर देण्याची घाई केली नाही. मग म्हणाली, ''काका, ते मला सांगता येणार नाही. कोणालाच सांगता येणार नाही. चांगल्या नळीलाही बाळाची छाती साफ ऐकू येते आणि आत न्यूमोनिया असतो, असे आम्ही पाहतो. पण काकूंनी रात्री पाहिले ते नळीच्याही आधीचे लक्षण होते.''

स्वयंपाकघरात भांडी लावण्याचा आवाज चालला होता, तो थांबला.

आपल्याकडे ही दृष्टी नव्हती असे नाही. काश्यपसंहिता हा बालवैद्यकाचा जुना ग्रंथ. नेपाळात मिळालेल्या त्रुटित पोथीवरून तो पंडित हेमराज शर्मा यांच्या विस्तृत उपोद्घातासह १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात छापला गेला. त्यात वेदनाध्याय नावाचा एक अध्यायच आहे: ज्याला बोलता येत नाही त्या बाळाला कोठे दुखते आहे हे त्याच्या हालचालींवरून कसे ओळखावे. कान दुखत असेल तर ते हात कानाकडे नेते, डोके दुखत असेल तर डोके इकडून तिकडे लोळविते, असे एकेक सांगितले आहे. मी तो अध्याय तरुणपणी व्याकरणासाठी वाचला होता. त्यातील समास मला आजही सोडविता येतात.

आणि अलीकडची गोष्ट म्हणजे गडचिरोलीची. डॉक्टर अभय आणि राणी बंग यांनी तेथील खेड्यांतल्या बायकांना नवजात बाळाचे श्वास मोजावयास शिकविले. ज्यांना दहाच्या पुढे मोजता येत नाही त्यांच्यासाठी मण्यांचे एक साधे साधन केले: दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. घरी जाऊन बाळांची अशी देखभाल केल्याने त्या गावांतील नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटले, हे १९९९ साली लॅन्सेट या विख्यात वैद्यक साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. आमच्या घरात तेव्हा दोन घड्याळे होती आणि एक मास्तर होता.

तेव्हा कोणी वाचक विचारतील की घरी एक अशी नळी घेऊन ठेवावी काय, तर माझे मत नाही असे आहे. तिचा अर्थ लावण्यास शिकलेला कान लागतो. नाही तर 'ठोके ऐकू येतात, सर्व ठीक आहे' असे खोटे समाधान तेवढे पदरी पडते. घरात सेकंदकाटा असलेले एक घड्याळ असावे. श्वास साठापर्यंत गेला, बरगड्यांखाली छाती आत ओढली जाऊ लागली, बाळ दूध घेईनासे झाले, अंग गार किंवा तापलेले लागले, तर रात्र असली तरी निघावे. आणि बाळंतीण काही म्हणाली तर हातातले पेपर खाली ठेवावेत.

दुसऱ्या दिवशी सातही पेट्यांवर पाळण्यांचे अनुक्रमांक लिहिण्याचे काम मजकडे आले; अक्षर माझे बरे आहे. पुतणी निघण्याची तयारी करीत होती. एवढ्यात सौभाग्यवती माजघराच्या दारात येऊन उभी राहिली. हात पदराला पुसलेले.

''मी मोजले नव्हते,'' ती म्हणाली. मजकडे नव्हे, पुतणीकडे पाहून. ''मोजावयाचे असते हे मला कोणी सांगितलेच नव्हते.''

पुतणीने काही न बोलता तिला पाळण्याजवळ बसविले आणि माझे घड्याळ तिच्या हाती दिले. बाळ निजले होते. सौभाग्यवतीने त्याच्या पोटावरचे दुपटे बाजूस केले आणि ओठ हलवीत मोजू लागली. मिनिट भरल्यावर म्हणाली, ''अडतीस.'' पुतणीने मान डोलविली. मग तिने एक पेटी उघडून नळी काढली, टोके पुढे वळवून आपल्या काकूच्या कानांत बसविली, तबकडी तळहातात ऊबवून बाळाच्या छातीवर अलगद टेकविली आणि सौभाग्यवतीचा हात तिच्यावर ठेविला.

मी पाहत उभा होतो. पुतणीची गाडी चुकेल असे मनात आले, पण बोललो नाही. मिनिट केव्हाच होऊन गेले होते. तिने नळी काढली नाही.